आधी अंधार, मग ऐरण

घरच्या घरी पाती घडवण्याची हौस असलेली माणसं भेटली की बोलणं हटकून ऐरणीवर येतं. किती किलोची घ्यावी, नवी की जुन्या बाजारातली, बिडाची चालेल का. त्याखालोखाल भट्टी आणि मग पट्ट्याचं ग्राइंडर. मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या जागेत अंधार कुठे करता येईल? समोरचा गोंधळतो. पण कार्यशाळेची आखणी याच प्रश्नापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य हीट ट्रीटमेंटमध्ये गेलं. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांचे गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा कडक करून देणं हे रोजचं काम, आणि पाती घडवणं हे त्यातूनच लागलेलं वेड. पोलादाला आकार कुणालाही देता येतो; फार तर वेळ लागेल. ते पातं धार धरणार की नाही, हे मात्र तापलेलं पातं भट्टीतून निघून तेलात जाईपर्यंतच्या काही क्षणांत ठरतं. लोहार याला पाणी देणं म्हणतात. जिथे पाणी नीट देता येत नाही, तिथे शंभर किलोची ऐरण असूनही काही साधत नाही. म्हणून कार्यशाळा शेवटाकडून सुरुवातीकडे मांडत यावं: आधी पाणी देण्याची जागा, मग भट्टी, मग ऐरण, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं.

०.८ टक्क्याच्या आसपास कर्ब असलेलं साधं पोलाद सुमारे ७३० अंश सेल्सिअसला आतून बदलायला लागतं. त्याची अणुरचनाच पालटते आणि तोवर वेगळा बसलेला कर्ब लोखंडात विरघळू लागतो. ८०० ते ८१५ अंशांना हे काम पुरं होतं. तिथून झपाट्याने थंड केलं, तर कर्बाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकून बसतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. उष्णता कमी पडली तर पातं मऊ राहतं. जास्त झाली तर आतले कण फुगतात आणि पातं वरून सुरेख, आतून ठिसूळ निघतं. म्हणजे चुकायला जागा फारच थोडी. त्यात उन्हात ८०० अंशांचं पोलाद डोळ्यांना जेमतेम लालसर दिसतं. नवखा माणूस अजून थोडं, अजून थोडं म्हणत ते सहज ९०० च्या पुढे नेतो. तेच पोलाद अंधाऱ्या कोपऱ्यात लालबुंद दिसतं आणि फसगत टळते.

अंधारात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती दिसायला लागली की माणूस या कामाला खरा लागला असं मी समजतो. भट्टीत पातं हळूहळू तापत असतं, सगळीकडे एकसारखी लाली चढत असते. मध्येच पात्याच्या अंगावर एक काळपट छाया उमटते. टोकाकडचा पातळ भाग आधी उजळतो, जाड भागावर छाया रेंगाळते, कडा हलत हलत मागे सरकतात. पोलाद त्या वेळी बाहेरची उष्णता रचना बदलण्यात खर्च करत असतं, म्हणून तेवढा भाग शेजारच्यापेक्षा काळा दिसतो. छाया पूर्ण निघून गेली की बदल पुरा झाला. मग किंचित थांबून, लाली एकसारखी आहे ना हे पाहून, पातं तेलात. चुंबकाची खूणही चांगली आहे; या तापमानाला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. पण चुंबक लावायला पातं बाहेर काढावं लागतं, छाया आतच वाचता येते. सुरुवातीला जोडीला के-टाइप थर्मोकपल आणि डिजिटल मीटर ठेवा. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळतं. डोळा आणि आकडा ताडून पाहत गेलं की डोळा तयार होतो.

हे आपल्याकडे नवं नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांसाठी कोयते बनतात तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या लोहाराच्या पालाशी जाऊन बसावं. मी ज्यांच्याजवळ बसायचो ते काका कोयता लाल करून त्याची फक्त धारेची बाजू पाण्यात धरत. पाठ तशीच गरम. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धारेजवळची काजळी चटकन घासत. उघड्या पडलेल्या चकचकीत पट्टीवर पाठीकडून रंग उतरत येई: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मागून जांभळा. "रंग पळाया लागला, बघ," एवढंच ते म्हणत आणि तपकिरी धारेला टेकताच अख्खा कोयता पाण्यात. हे रंग म्हणजे तापमानच असतं. फिकट पिवळा साधारण २०५ अंशांचा, तपकिरी २५० चा, जांभळा २८० च्या आसपासचा, निळा ३०० चा. ऊस तोडताना कोयता जमिनीलगत घालावा लागतो, खड्यावर आपटतो. त्याला थोडा चिवटपणा हवा म्हणून तपकिरी. भाजीच्या सुरीचं काम फिकट पिवळ्यावर थांबवायचं.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या १९७६ साली सुरू झालेल्या संस्थेची पहिल्या पायरीची परीक्षा मला याच कारणासाठी आवडते. एकाच सुऱ्याने हवेत मोकळा लोंबणारा इंचभर जाड दोर एका घावात कापायचा, चार इंच रुंद, दोन इंच जाड लाकडी फळी दोनदा तोडायची आणि त्यानंतरही त्याच धारेने अंगावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी तो व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवायचा. मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ चिवट असल्याशिवाय हे जमत नाही. कोयत्याची धार पाण्यात आणि पाठ बाहेर ठेवणारे काका नेमकं तेच साधत होते.

तर पाणी देण्याची जागा. शेडच्या एका कोपऱ्याला जाड काळा पडदा किंवा पत्र्याची आडभिंत करा. भट्टीच्या तोंडापासून तेलाचं भांडं हाताच्या अंतरावर हवं. पातं बाहेर आलं की ते हवेत निवायला लागतं, त्यामुळे मधे पाऊल टाकावं लागू नये. भांडं लोखंडी, उभं, झाकणाचं. प्लास्टिकचं कधीही नाही. आठ-दहा लिटर वनस्पती तेल पुरतं. ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती लवकर फिरत नाही. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून आणू नका. त्याचा धूर छातीत जातो. पातं टोकाकडून सरळ खाली घालायचं आणि पुढे-मागेच हलवायचं, आडवं हलवलं तर ते वाकतं. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवायचं. वाळूची बादली शेजारी असावी आणि पाण्याची बादली तेलापासून लांब, कारण पेटलेल्या तेलावर पाणी पडलं तर आग अंगावर येते.

आता पोलाद. इथे लोक भंगाराकडे धावतात आणि माझा त्याला विरोध आहे. ट्रकचा पाटा उत्तम पोलादाचा असतो हे खरं, आपले कोयते त्याचेच होतात. पण वर्षानुवर्षं हिसके खाल्लेल्या पाट्यात बारीक चिरा असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय सिलिकॉन जास्त असलेल्या पाट्याला साध्या कर्बी पोलादापेक्षा जास्त उष्णता लागते. आपल्या हातात नेमकं काय आहे हे माहीत नसेल, तर पातं फसल्यावर दोष उष्णतेचा की पोलादाचा, हे कळत नाही. अनुभवी लोहाराला ते एका घावात कळतं, नवख्याला नाही. बेअरिंगचं पोलाद, म्हणजे ईएन-३१, त्याहून नाजूक. त्यात सुमारे १ टक्का कर्ब आणि जोडीला क्रोमियम. ते ठरलेल्या तापमानाला काही वेळ स्थिर ठेवावं लागतं आणि घरच्या भट्टीत ते अवघड आहे. ०.७५ ते ०.८५ टक्के कर्बाची, तीन-चार मिलिमीटर जाडीची साधी स्प्रिंग पट्टी पोलादाच्या दुकानातून प्रमाणपत्रासह घ्या. एकाच पट्टीतून दहा पाती निघतात आणि दहांची वागणूक सारखी असते. शिकायला एवढं पुरे.

पहिल्याच महिन्यात दमास्कस करायचं आहे असंही पुष्कळजण सांगतात. आज त्या नावाने मिळतं ते वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत सांधून केलेलं असतं. दख्खनचं जुनं वुट्झ पोलाद वेगळं, ते मुशीत वितळवून तयार व्हायचं आणि आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून परदेशी जायचं. दोन्ही सुंदर आहेत, दोन्ही पुढची आहेत. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेतही थरांचं पातं, किमान ३०० थरांचं, थेट मास्टरच्या परीक्षेला लागतं.

भट्टी छोटी ठेवा. जाड लोखंडी नळकांड्याला आतून सिरॅमिक वूल आणि त्यावर अग्निरोधक मातीचा लेप. लेपाशिवाय वूलचे तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात बसतात. इंधन एलपीजी असेल तर घरगुती सिलिंडर वापरू नका, नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून शेडला खालून हवा जायला फट हवी. तळघर किंवा फ्लॅटची बंद बाल्कनी या कामाला नाही. लोणारी कोळसा आणि हाताने फिरवायचा पंखा हाही चांगला पर्याय आहे, आणि स्वस्त. पाणी देताना मात्र भट्टीत एक लोखंडी पाइप आडवा ठेवून त्याच्या पोटात पातं तापवा. ज्योत थेट लागत नाही आणि उष्णता एकसारखी मिळते. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नसावा, जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो.

ऐरणीबद्दल थोडक्यात. रुळाचा तुकडा मिळतो म्हणून कुणी आणून देईल, घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, नाहीतर टर्निंगवाल्याकडून पाच इंच जाडीच्या शाफ्टचा फूटभर तुकडा घ्या. उभा केला की तीस किलो वजन थेट घणाखाली येतं, आणि पात्यासाठी लागणारा सपाट माथा एवढाच असतो. बाभळीच्या ओंडक्यात खाच करून तो बसवा, उभं राहून मूठ वळली की माथा मुठीला लागावा एवढी उंची. किलोभराचा हातोडा, त्याच्या तोंडाच्या कडा घासून गोल केलेल्या. सांडशी मात्र आपल्या पट्टीच्या जाडीचीच हवी. तापलेली पट्टी सुटली की ती पायावरच येते. पायात चामडी बूट, अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा.

घासकामाला कानस आणि मजबूत व्हाइस घेऊन बसा. चांगलं बेल्ट ग्राइंडर भट्टी-ऐरणीच्या एकत्र किमतीपेक्षा महाग पडतं आणि चुका फार वेगाने करतं. कानशीने उतार काढताना हाताला पात्याची जाडी कळत जाते. पाणी देण्याआधी धार मिलिमीटरभर जाड सोडा, फार पातळ केली तर तेलात वाकते नाहीतर चिरते. धूळ बारीक असते, तिच्यासाठी कापडी रुमाल चालत नाही, फिल्टरचा मास्क हवा.

तेलातून काढलेलं पातं हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, बाहेर काढून थंड, पुन्हा दोन तास. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर भरवसा नको, आत वेगळा तापमापक ठेवा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी ओव्हनमध्ये घालू म्हणणाऱ्याला सकाळी चीर सापडते.

काय बनवावं, हे कायदाही थोडं सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांच्या एका वर्गात घातली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. कट्यार, तलवारीच्या वाटेला जाऊ नका. चार इंचांची भाजीची सुरी करा. तिच्यात या विद्येतलं सगळं येतं.

आणि पहिली सुरी मोडण्यासाठीच करा. पाणी द्या, पण ओव्हनमध्ये घालू नका. फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, चष्मा लावा आणि हातोड्याने तोडा. मोडलेला भाग उजेडात भिंगाखाली धरा. रवाळ, चमचमणारा दिसला तर उष्णता जास्त झाली. पुढच्या पात्याला पाणी देण्याआधी छाया निघून जाईपर्यंत तापवून हवेत थंड करणं तीनदा करा, प्रत्येक वेळी थोडी कमी उष्णता, म्हणजे कण पुन्हा बारीक होतात. न मोडता नुसतं वाकलं, किंवा कानस धारेवर चावली, तर एकतर उष्णता पोचली नाही किंवा तेलापर्यंत पोचायला उशीर झाला. कानस धारेवरून घसरली आणि मोड राखाडी, मऊसूत, चकाकी नसलेला निघाला, तर त्याच पट्टीचा दुसरा तुकडा कापायला घ्या.