आवक क्रमांक

१३ सप्टेंबर २००६
झाले एकदाची विद्यापीठ विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष. गुलाल ताईच्या नव्या ड्रेसवर, म्हणजे घरी बोलणी ठरलेली. एवढं मोठं विद्यापीठ, पण मला मत देणारे मूठभर. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद झाल्या. आता वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, कॉलेजातून एक ‘यूआर’, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, आणि सगळ्या यूआरनी मिळून अध्यक्ष निवडायचा. मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून हा गुणवत्तेचा मार्ग काढला. आता मारामाऱ्यांऐवजी सहली निघतात. मतदानाआधी आमचे यूआर महाबळेश्वरला, समोरचे कोकणात, सगळ्यांचे मोबाइल काढून घेतलेले. एकाचे वडील पोलिसांत जायला निघाले, तेव्हा त्याला एसटीडी बूथवर नेऊन ‘अभ्यासदौऱ्यावर आहे’ असं वदवून घेतलं. पोरगा भूगोलाचा, त्यामुळे खपलंही.

२३ सप्टेंबर
काल सुप्रीम कोर्टाने विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितलं. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, हजेरी ७५ टक्के, छापील पोस्टर बंद. कँटीनमध्ये कुणीतरी बातमी मोठ्याने वाचली. आमच्या पॅनेलचा हिशेब सांभाळणारा म्हणाला, “पाच हजारांत बसचं डिझेल तरी येईल का?” सगळे हसले. बसचे पैसे कोणी दिले, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तराबरोबर एखादं कामही गळ्यात पडेल.

५ ऑक्टोबर
परिषदेला खोली मिळाली. फोन आहे, लाइन नाही.

९ ऑक्टोबर
सकाळी दारात एक मुलगा उभा. रात्रभर एसटीने आलेला, पाठीला सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. “ताई, तुम्हीच अध्यक्ष ना?” टी.वाय.चा निकाल राखीव, त्यामुळे बी.एड.चा प्रवेश अडकलेला. परीक्षा विभाग म्हणतो, प्रॅक्टिकलचे गुण आलेच नाहीत. कॉलेज म्हणतं, जूनमध्येच पाठवले. खिडकीवर माझं पद सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मान वर न करता लंच टाइम सांगितला.

शेवटी शिपाईमामांनी वाट दाखवली, “भांडू नका, आवक विभागात जा.” तिथलं रजिस्टर म्हणजे कडा कुरतडलेलं, पोट सुटलेलं बाड. जूनची पानं उलटत बोट खाली सरकवत गेले. हिरव्या शाईत कॉलेजचं नाव, ‘सीलबंद लिफाफा, एक’, पुढे आवक क्रमांक आणि परीक्षा विभागाची सही. क्रमांक चिठ्ठीवर घेऊन पुन्हा खिडकी गाठली. आता मात्र बाई उठल्या. लिफाफा सापडला वनस्पतिशास्त्राच्या गठ्ठ्यात. आत प्राणिशास्त्राचे गुण, लाखेचं सील शाबूत. म्हणजे जूनपासून तो कुणी उघडलाच नव्हता.

मुलगा पाया पडायला वाकला, त्याला थांबवलं. त्याला मामांकडे पाठवायला हवं होतं.

१७ जानेवारी २००७
दिवसभर युवक महोत्सवाचे सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. वर्तमानपत्रांना आमची आठवण एवढ्यापुरतीच येते.

२४ मार्च
अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक. अध्यक्ष म्हणून मला तिथे जागा आहे. या पदात खरा दम असेल तर तो एवढाच. कायदा म्हणतो, निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करा आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावा. मी विचारलं, किती परीक्षांचे निकाल मुदतीत लागले? उत्तर आलं, “अपरिहार्य कारणास्तव काही निकालांना विलंब झाला.” कारणं कोणती, म्हटल्यावर “लेखी कळवू.” त्यानंतर प्रवेशद्वाराच्या कमानीवर मात्र चांगला तासभर खल झाला.

जेवणाच्या रांगेत एक जुने प्राध्यापक-सदस्य मागे उभे होते. “बाळ, तू पुढच्या वर्षी नसणार, हे त्यांना ठाऊक आहे. मी आहे अजून.” मी वहीचं पान फाडलं आणि ताट हातात येईपर्यंत चार प्रश्न लिहून त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून वाचले, दुसरा खोडला, म्हणाले, “हा नियमात बसत नाही. रात्री फोन कर, नीट लिहू.”