आजच्यापुरती भाकर

श्रद्धेविषयीं जें पुष्कळसें लिहिलें जातें, तें तिच्या मोठ्या प्रसंगांविषयीं असतें. कोणाला वाटेवर प्रकाश दिसला, कोणाचें आयुष्य एका रात्रींत पालटलें, कोणी हसतमुखानें मरण पत्करलें, अशा कथा आपण आदरानें वाचतों; आणि त्या खऱ्याही असतात. पण मनुष्याचें बहुतेक आयुष्य असल्या प्रसंगांवांचून जातें. मंगळवारच्या दुपारीं, औषधाची वेळ टळूं नये म्हणून घड्याळाकडे पाहत बसलेल्या माणसाला जो धीर लागतो तो कोठून येतो, हा प्रश्न या कथांनीं सुटत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या, गाजावाजा न करणाऱ्या धैर्याविषयीं. मी मावळांत राहणारा एक सामान्य ख्रिस्ती मनुष्य आहें. धर्मशास्त्राचा अधिकार मला नाहीं. जें घरांत पाहिलें आणि जें थोडेंबहुत वाचलें, तेवढ्याच्याच आधारानें लिहितों.

ख्रिस्तानें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तींत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. वर्षाची बेगमी मागितलेली नाहीं, कणगी भरून दे असेंही म्हटलेलें नाहीं. या मागण्यामागें एक जुनी कथा उभी आहे. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांना रानांत मान्ना मिळे, तो ज्यानें त्यानें एका दिवसाच्या गरजेपुरताच गोळा करावयाचा; कोणी दुसऱ्या दिवसासाठीं ठेवलाच तर त्यांत किडे पडत. केवळ विश्रामवाराच्या आदल्या दिवशीं दुप्पट घेण्याची मुभा असे. हा नियम प्रथमदर्शनीं कंजूषपणाचा वाटतो. ज्याच्या हातीं सर्व कांहीं आहे, त्यानें आपल्या लेंकरांना एका दिवसाचाच शिधा मोजून कां द्यावा? या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं. तें आईच्या आजारपणांत मिळालें.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हां ती सत्तर वर्षांची होती. उजवा हात व उजवा पाय निकामी झाले आणि वाचा गेली. त्यानंतर तीन वर्षें ती अंथरुणावर होती. हा काळ मोठ्या शोकाचा नव्हता. शोकाला निदान एक उंची असते. हा काळ चादरींचा होता. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत साधा रुमाल वाळत नाहीं. मग रोग्याच्या चादरी कशा वाळणार? स्वयंपाकघरांत दोरी बांधून, खालीं शेगडी ठेवून, एकेक चादर उलटसुलट करून वाळवावी लागे. आणि ती वाळते न वाळते तोंच दुसरी भिजलेली असे. अशा वेळीं मनुष्य देवावर रागावतही नाहीं. तो केवळ थकतो. श्रद्धेला खरा धोका रागापासून नसून या थकव्यापासून आहे, असें मला तेव्हांपासून वाटत आलें आहे. रागावलेला मनुष्य देवाशीं बोलत तरी असतो.

आईला 'पाणी' हा शब्द म्हणतां येत नसे. ओठ हलत, घशांतून एकच अस्पष्ट ध्वनि निघे, आणि आपलें म्हणणें कोणास कळलें नाहीं या दुःखानें ती डोळे मिटून घेई. आमच्या घरीं दिवेलागणीस प्रार्थना करण्याचा रिवाज आजोबांपासूनचा आहे. झटका आल्यानंतर महिन्याभरानें एका संध्याकाळीं आम्ही तिच्या उशाशीं बसून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें एक भजन म्हणत होतों. दुसऱ्या कडव्यापाशीं आमच्या ध्यानांत आलें, कीं आईही गात आहे. सूर कांपत होता, पण शब्द स्पष्ट होते. एकही गळला नाहीं. शेवटच्या कडव्यापर्यंत ती आमच्याबरोबर आली, आणि भजन संपतांच पुन्हा मुकी झाली.

डॉक्टरांनीं याचा उलगडा केला. बोलण्याची शक्ति बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागांत असते. गाण्याच्या कामीं उजवा भागही मोठा वांटा उचलतो. म्हणून डाव्या भागास इजा झालेले कांहीं रोगी एक शब्द बोलूं शकत नसतांही पाठ असलेलें गाणें शब्दांसह म्हणूं शकतात. अठराव्या शतकांत स्वीडनमध्यें अशा एका रोग्याची नोंद झालेली आहे, आणि नवल हें, कीं तोही आजारापूर्वीं शिकलेलीं उपासनेचीं गीतेंच म्हणत असे. तेव्हां यांत चमत्कार कांहीं नव्हता. परंतु या शास्त्रीय उलगड्यांत एक अट आहे: गाणें आधीं पाठ असावें लागतें. आईला तें पाठ होतें, कारण साठ वर्षें तिनें तें म्हटलें होतें. आणि म्हटलें तें डोळे मिटून, भावनेनें भरून जाऊन नव्हे; बहुतेक वेळां भाकरी थापतांना, अर्धें लक्ष तव्याकडे ठेवून. भाकर सांठवितां येत नाहीं. सांठते ती ती थापण्याची हाताची संवय. रोजचा शिधा रोज कां मोजून मिळतो याचें उत्तर मला येथें सांपडलें. तो घेण्यासाठीं रोज बाहेर पडावें लागतें, आणि या रोजच्या जाण्यानेंच वाट पडते. पुढें अंधार झाला तरी पाय ती वाट चुकत नाहींत.

हीं भजनें तिच्या ठायीं इतकीं खोल गेलीं याचें श्रेय अर्थात् टिळकांचेंही आहे. १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं जन्मलेल्या आणि १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीपूर्वीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत विलायती चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा फार होता. टिळकांनीं तेथें अभंग, ओवी, भजन व कीर्तन आणलें. 'उपासना संगीत' या भजनसंग्रहांत त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्या पुलाखालची नदी आमच्या अंगणांतलीच आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावते आणि कामशेतवरून देहूकडे व पुढें आळंदीकडे जाते. आमच्या शेजारीं एक माळकरी आजोबा राहत. आईचें गाणें भिंतीपलीकडे ऐकून एके दिवशीं ते टाळ घेऊनच आले. "चाल आमचीच आहे, मग टाळ धरायला काय हरकत?" असें म्हणून बसले, आणि मग नेहमींच येऊं लागले. आमच्या प्रार्थनेच्या शेवटीं ते 'आमेन' म्हणत नसत. नुसते हात जोडीत. आषाढींहून परत आले म्हणजे पंढरीचे चुरमुरे आईच्या डाव्या हातांत ठेवीत. या गोष्टीची चर्चा आमच्यांत कधीं झाली नाहीं, व तिची कोणास गरजही भासली नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पाठांतर म्हणजे श्रद्धा नव्हे. हा आक्षेप खरा आहे, आणि तो खुद्द ख्रिस्ताचाच आहे. डोंगरावरील प्रवचनांत त्यानें शब्दांच्या व्यर्थ बडबडीचा निषेध केला आहे. पण त्याच ठिकाणीं लगेच त्यानें ती लहानशी प्रार्थना शिकविली, आणि त्याचे अनुयायी ती जवळजवळ दोन हजार वर्षें म्हणत आले आहेत. म्हणजे दोष पुनरुक्तीचा नसून पोकळपणाचा आहे. जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांची 'साधना' संस्था १९७८ सालीं पुण्याहून आमच्या लोणावळ्यास आली. श्वास, शरीरांतील संवेदना, कानांवर पडणारे आवाज यांकडे लक्ष देण्यापासून ते प्रार्थनेचा आरंभ करावयास शिकवीत. ते १९८७ सालीं वारले. त्यांच्या कांहीं विचारांविषयीं रोमच्या धर्मपीठानें १९९८ सालीं सावधगिरीची सूचना काढली. त्या वादांत शिरण्याचा माझा वकूब नाहीं. मला त्यांच्यापासून घ्यावेसें वाटतें तें एवढेंच, कीं जुन्या शब्दांत पुन्हा प्राण आणणारें जें लक्ष, तेंही रोजचें काम आहे. शेगडीवर धरलेल्या चादरीची ऊब हाताला लागली ती खरोखर जाणवली, तर त्या क्षणापुरता थकवा बाजूला सरतो, हा माझा अनुभव आहे.

रोजच्या कामांत मुरलेल्या श्रद्धेचें थोर उदाहरण पाहावयाचें तर आमच्याच लोहमार्गानें पुण्यापलीकडे केडगांवास जावें. तेथें पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून आणलेल्या मुलींसाठीं 'मुक्ति'चें घर उभारलें. तरुणपणींच त्यांचे आईबाप दुष्काळांत गेले, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आंत पति गेला. उत्तर आयुष्यांत, कानांनीं नीट ऐकूं येत नसतां, त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठींत आणीत बसल्या. थोडें शिकलेल्या बायकांनाही तें समजावें ही त्यांची तळमळ होती. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबलें नाहीं. तें तडीस नेऊनच १९२२ च्या एप्रिलांत रमाबाईंनीं देह ठेवला. एवढ्या मोठ्या दुःखावर त्यांच्यापाशीं कांहीं मोठें औषध होतें असें दिसत नाहीं. आजचें वचन होतें, आणि त्यांतला पुढचा शब्द होता.

पण एकट्याच्या संवयीवर सगळा भार टाकणें बरें नव्हे. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली; आजही कर्जतेहून वर येणाऱ्या लांबच्या गाड्यांना मागें जादा इंजिनें जोडतात. तीं चढावर गाडी ढकलतात आणि घाट संपला कीं सुटून परत जातात. पुढच्या डब्यांतल्या उतारूंना तीं दिसतही नाहींत. आमच्या मंडळींतल्या चार बायांनीं त्या तीन पावसाळ्यांत आमच्यासाठीं हेंच केलें. त्यांनीं उपदेश केला नाहीं. दर मंगळवारीं नि शुक्रवारीं त्या येत, ओल्या चादरी पिशव्यांत भरून नेत, आणि आपापल्या घरीं वाळवून, घड्या घालून परत आणीत. मीं मनांतल्या मनांत धीर मागितला होता. तो घडी घातलेल्या, किंचित् धुराचा वास येणाऱ्या चादरींच्या रूपानें दारांतून आंत आला. प्रार्थनेचें उत्तर याहून निराळें असतें असें मानण्यास मला आतां कारण दिसत नाहीं.

आई बरी झाली नाहीं, हें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. तिची वाचा परत आली नाहीं. शेवटच्या हिवाळ्यांत भजनांतले शब्दही एकेक करून गेले. उरली नुसती चाल, आणि पुढें तीही गेली. तेव्हां आम्ही म्हणत असूं आणि ती डाव्या हाताच्या बोटांनीं पांघरुणावर ताल धरी. तिनें साठ वर्षें आमच्यासाठीं जें म्हटलें, तें कांहीं आठवडे आम्हीं तिच्यासाठीं म्हटलें. ती गेली त्या दिवशींही दिवेलागणीस आम्ही बसलों, कारण बसण्याची वेळ झाली होती. माळकरी आजोबा आले, पण त्यांनीं टाळ आणले नव्हते. त्या संध्याकाळीं माझें मन प्रार्थनेंत मुळींच लागलें नाहीं. शब्द मात्र आले. आणि त्या दिवसापुरते ते पुरले.