दातेरी रिंगच्या शोधात

मुंबईतले बाजार दोन प्रकारचे. एकात माणूस पिशवी घेऊन जातो, दुसऱ्यात मोडकी वस्तू घेऊन. चोरबाजार हा दुसऱ्यातला. पाहुण्यांना तिथे ग्रामोफोनचे कर्णे, झुंबरे आणि जुन्या सिनेमांची पोस्टरे दिसतात. ज्याच्या दारात जुनी मोटार उभी आहे अशा गृहस्थाची पावले मात्र वेगळ्याच दुकानांकडे वळतात.

आमच्या दारात 1986 सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली. अण्णा आता 84 वर्षांचे आहेत. या दिवाळीला वाईला जायचे, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आणि ते 'आपल्या' गाडीनेच, असा त्यांचा हट्ट. नेमकी दसऱ्याच्या सुमारास गाडी रुसली. सेल्फ मारावा तर इंजिन सुरू होण्याऐवजी पोटातून खर्रर्र असा आवाज. शेजारच्या मुलांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून थोडी पुढेमागे हलवली की मग ती शहाण्यासारखी सुरू होई. पण वाईच्या वाटेवर बोरघाट आहे, खंबाटकी आहे. तिथे कुणाची मुले शोधायची?

"भंगारात देऊन टाका," दादाने निकाल दिला. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर, हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही थोडेच. मी गाडी कुर्ल्याला नेली.

कुर्ला हे या गाडीचे माहेर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना इथलाच. इथे आधी फियाट अकराशे आणि मग 1089 सी.सी.च्या त्याच इंजिनाची पद्मिनी तयार होत असे. कारखाना गेला, त्या जागी इमारती आल्या. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली. पण आयुष्यभर टॅक्सी दुरुस्त केलेले मिस्त्री अजून एखाद्या गल्लीत स्टुलावर बसलेले सापडतात. आमच्या मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडले नाही. आवाज ऐकला आणि म्हणाले, "फ्लायव्हील की रिंग गयी. गिअरबॉक्स उतारना पडेगा."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेले जड चाक. त्याच्या कडेवर पोलादी दातेरी रिंग घट्ट बसवलेली असते. सेल्फचा छोटा पिनियन पुढे येऊन या दात्यांत अडकतो आणि इंजिनाला पहिला फेरा देतो. गंमत अशी, की चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरात दाब येतो. तो ओलांडण्याचे बळ उरले नाही की चाक तिथेच विसावते. म्हणून ते बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबते आणि पिनियनचे घाव वर्षानुवर्षे त्याच चार-पाच दात्यांवर पडतात. बाकीचे दाते मात्र कोरे राहतात! आपल्या घरातही सगळी कामे नेहमी एकाच माणसावर पडतात, तसेच हे.

यावर एक स्वस्त उपाय आहे. रिंग तापवून काढायची आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवायची, म्हणजे पिनियनपुढे कोरे दाते येतात. मीही त्याच आशेवर होतो. पण फ्लायव्हील खाली आल्यावर मिस्त्रींनी बोट फिरवून दाखवले. झिजलेल्या जागा दोन नव्हत्या, चार होत्या. कुणीतरी हा उपाय आधीच केला होता. संध्याकाळी अण्णांना विचारले तर म्हणाले, "हो तर! तुझ्या मुंजीच्या आधी." आता नवी रिंग हवी.

मिस्त्रींनी दाते मोजले, कॅलिपरने आतला व्यास घेतला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. शुक्रवार टाळून मी ग्रँट रोडला उतरलो आणि चालत मटन स्ट्रीट गाठली. शेजारच्या भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत; इथे मात्र दुकानाच्या खिळ्यांवर अजून रिंगा बांगड्यांसारख्या लटकत होत्या. तीन दुकानांतून नकार मिळाला. चौथ्यातल्या दाढीवाल्या चाचांनी पोटमाळ्यावरून ग्रीसने माखलेल्या कागदातली एक रिंग काढली. भाव सांगितला अडीच हजार. सोळाशेवर सौदा तुटला. "पहले टॅक्सीवाले रोज आते थे," चाचा म्हणाले. "अब साल में दो-तीन." आणि चहा मागवला.

रिंग बसवताना मी मुद्दाम हजर राहिलो. जुन्या रिंगमध्ये दोन दात्यांच्या मध्ये भोक पाडून मिस्त्रींनी छिन्नीचा घाव घातला. ती तडकून सैल झाली. नवीचा आतला व्यास फ्लायव्हीलपेक्षा केसभर लहान असतो, म्हणून ती तापवून फुगवावी लागते. ज्योत एका जागी धरायची नाही, गोल फिरवत राहायची. पोलादावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग आला की पुरे. लाल होऊ दिली तर दात्यांचे पाणी उतरते. मिस्त्रींनी दात्यांची उतरती कड सेल्फच्या बाजूला आहे ना, हे पुन्हा पाहिले, सांडशीने रिंग उचलली आणि गार फ्लायव्हीलवर ठेवली. हातोडीचे चार हलके ठोके दिले. ती टेकली आणि गार होता होता आवळत गेली. पाणी मारायला धावलेल्या पोऱ्याला मिस्त्रींनी जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही.

गिअरबॉक्स उतरलाच होता, म्हणून क्लच प्लेटही बदलून घेतली. मजुरी दोनदा कोण देणार! तिसऱ्या दिवशी सेल्फ मारला आणि गाडी पहिल्याच हाकेला बोलली.

वसुबारसेला पहाटे पाचला निघायचे ठरले आहे. दादाने येतो म्हणून कळवले आहे, कर भरल्याची पावती सोबत ठेव म्हणूनही. अण्णांनी कालच फडके घेऊन काचा पुसल्या आणि मला बजावले, "वाटेत चहाला थांबशील तिथे गाडी उताराकडे तोंड करून लाव हो."