खोलीचा कागद

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
पालिकेचं पत्र आलं. अभ्यासिकेच्या खोलीची मुदत संपलेली आहे, ताबा कोणत्या आधारावर आहे ते कागदपत्रांसह कळवा. खाली सही, नाव लागत नाही. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. पोरांच्या नजरेला पडायला नको.

११ नोव्हेंबर
ट्रंक उपसली. संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, १८६०च्या कायद्याखालचं. धर्मादाय आयुक्तांकडचंही आहे, १९५०च्या कायद्याचं. हिशेबपत्रकं आहेत. एका फाईलला वाळवी लागली आहे, पण आकडे वाचता येतात. खोली दिल्याचं पत्र मात्र झेरॉक्स. मूळ अण्णांकडे असणार, भाडं तेच भरत. अण्णांना जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्या घरी वहिनींना विचारायला हवं, पण कसं विचारू?

१३ नोव्हेंबर
काल रात्री मागच्या चाळीतल्या आजींना धाप लागली. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पोरांनी बाहेर नेलं. त्यातले दोघे आमच्या अभ्यासिकेतले. सकाळी दोघेही वेळेवर आले, कोणाला काही सांगितलं नाही. मला त्यांच्या आईकडून कळलं.

आजी बऱ्या आहेत.

१४ नोव्हेंबर
वहिनींकडे गेले. त्यांनी चहा केला, मग स्वतःच अण्णांची बॅग काढली. मूळ पत्र नाही. भाडं भरल्याच्या पावत्या मात्र आहेत, रबरबँडने बांधलेल्या, वर्षावार. अण्णांचं अक्षर. "ने सगळं," म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेट्रो तीन ९ ऑक्टोबरपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. मरोळ नाक्याला आता दोन मेट्रो: २०१४ची वरून जाणारी, ही जमिनीखालून. वरच्या मजल्यावरची नर्स सांगत होती, नाइटनंतर आता झोपायला दोन तास जास्त मिळतात. ऐकून फार बरं वाटलं. पण स्टेशनपर्यंत लोक बाईक घेऊन येतात आणि आमच्या गल्लीत लावून जातात. त्यांच्यावर राग नाही येत. ज्याच्या घरापासून रिक्षा मिळत नाही, बस वेळेवर नाही, त्याने काय करायचं? राग येतो तो एवढा मोठा मार्ग आखताना शेवटच्या अर्ध्या मैलाचा विचार झाला नाही, याचा.

१८ नोव्हेंबर
टेप आणला. पोरांना मोजायला लावलं.

विकास नियमावलीत मोठ्या गाडीसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा धरतात. पोरांनीच गुणाकार केला: जवळजवळ दीडशे चौरस फूट. आमची खोली तीनशेला थोडी कमी. म्हणजे दोन गाड्या. या दोन गाड्यांच्या जागेत सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचं शिवण, संध्याकाळी दहावी-बारावीची अभ्यासिका.

खोलीसाठी आम्ही नोंदणी दाखवायची, हिशेब दाखवायचा, ठराव दाखवायचा. दाखवायलाच हवं, जागा लोकांची आहे. पण बाहेरचा रस्ताही लोकांचाच. तिथे दिवसभर उभ्या असलेल्या गाडीला कोण विचारतं, तुझा आधार काय म्हणून?

२१ नोव्हेंबर
कचेरीत. साहेब जागेवर नव्हते. आवक-जावकला अर्ज दिला, पोच घेतली. बाकावर शेजारी एक व्यायामशाळेचे गृहस्थ. त्यांचंही तेच, मुदत आणि नूतनीकरण. त्यांच्याकडे मूळ पत्र आहे. तरी बाकावरच.

२३ नोव्हेंबर, रविवार
जुनी कात्रणं चाळली. जुलै २०१९: सार्वजनिक वाहनतळांच्या पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर चारचाकीला दहा हजार रुपये दंड. सव्वीस वाहनतळांपासून सुरुवात झाली होती. तेव्हा केवढी चर्चा! पण वाहनतळच नसेल तिथे या नियमाचा उपयोग काय? आमच्यासारख्या गल्ल्या त्यात येतच नव्हत्या.

दुसरं कात्रण मोकळ्या जागांच्या दत्तक धोरणाचं. जानेवारी २०१६मध्ये पालिकेच्या सभागृहात मंजूर, मग मुख्यमंत्र्यांची स्थगिती. २०२३मध्ये पुन्हा नवा मसुदा. मैदान कोणी सांभाळायचं, सांभाळणारा मालक होऊन बसला तर काय, हा प्रश्न खरा आहे. मुंबईत मैदानांवर क्लब उभे राहिले ते आपण पाहिलंच. म्हणून तपासणी हवी, असंच माझं मत. फक्त तपासणाऱ्याने एकदा संध्याकाळी सातला यावं.

२६ नोव्हेंबर
संविधान दिन. उद्देशिका वाचली. बालवाडीच्या बाईंनी फुगे लावले.

२ डिसेंबर
शेजारच्या एसआरए इमारतीत चौकशी केली. अशा इमारतीत बालवाडी, समाज कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस बांधावंच लागतं. बांधलंय. कल्याण केंद्राच्या खोलीत स्कूटर आणि सिमेंटच्या गोण्या. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, खाली लावायला जागाच नाही, माणसं भांडतात." ते खोटं बोलत नव्हते. तरीही परत येताना डोकं भणाणलं.

६ डिसेंबर
गल्ली अर्धी रिकामी. बरेच जण चैत्यभूमीवर. मुलं रस्त्यात क्रिकेट खेळली.

९ डिसेंबर
पोलीस भरतीची तयारी करणारी आमची मुलगी पहाटे पोलीस कॅम्पच्या बाजूला धावायला जाते, संध्याकाळी खोलीत लेखीचा अभ्यास. घरी आठ माणसं, एकच खोली. आज तिने विचारलं, "मॅडम, खोली जाणारे का?" पत्राचं कोणी सांगितलं तिला? मी म्हटलं, अभ्यास कर. नंतर वाटलं, तिला खरं कळायचा हक्क आहे. उद्या सगळ्यांसमोर पत्र वाचून दाखवणार.

१० डिसेंबर
वाचलं. शांतता. मग एकाने विचारलं, नूतनीकरणाचा नियम कुठे मिळेल? दुसरा म्हणाला, माहितीचा अधिकार. लगेच अर्जाचा मसुदा लिहायला बसले. मला अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते.

१५ डिसेंबर
पालिकेची निवडणूक जाहीर. १५ जानेवारीला मतदान. आचारसंहिता आजपासून. म्हणजे आमचा कागद आता जानेवारीपर्यंत हलणार नाही.

७ मार्च २०२२ला सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून नगरसेवक नाहीत. स्थायी समिती, सुधार समिती, प्रभाग समिती, सगळे अधिकार एका प्रशासकाकडे. शहर चाललं, नाही असं नाही. पण पालिकेच्या मालमत्तेचा विषय एरवी सुधार समितीपुढे जातो, तिथे कोणीतरी उठून दोन वाक्यं बोलतो, ती छापून येतात. इतकी वर्षं बोलायला कोणी नव्हतं. गल्लीचं कोणाला सांगायचं हेच लोक विसरले. ट्रॅफिक पोलीस म्हणतात रस्ता पालिकेचा, पालिका म्हणते गाड्या ट्रॅफिकच्या.

२० डिसेंबर
टोइंगची गाडी आली. गल्लीत शिरलीच नाही.

२५ डिसेंबर
चर्च रोडवर चांदण्या, गोठे. शेजारच्या ईस्ट इंडियन मावशींनी कुलकुल दिले. त्यांच्याशी खोलीचं बोलले. त्या म्हणाल्या, आमचं जुनं चर्च सीप्झच्या कुंपणाच्या आत आहे, १५७९चं. नुसत्या भिंती उरल्यात. तिथे वाटेल तेव्हा जाता येत नाही, परवानगी लागते. "पण आम्ही विचारायचं सोडलं नाही." हे त्या अगदी सहज बोलल्या, डबा भरता भरता.

२९ डिसेंबर
उमेदवार येऊ लागले. पहिले दोघे म्हणाले, पार्किंगचा प्रश्न सोडवू. कसा, ते नाही. तिसऱ्या बाई आत आल्या, खाली बसल्या, पावत्या पाहिल्या, वर्षं विचारली. पक्ष लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्या बसल्या.

३ जानेवारी २०२६, शनिवार
सावित्रीबाईंची जयंती. शिवणाच्या बायकांनी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली. त्यांनीच गाड्यांचा विषय काढला. मैदानाखाली वाहनतळ करावं असं एकीच्या नवऱ्याचं म्हणणं. वांद्र्याला पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करायचं ठरलं तेव्हा तिथले रहिवासी विरोधात उभे राहिले, हायकोर्टात गेले, हे मी सांगितलं. "त्यांना वकील परवडतात," ती म्हणाली. खरं आहे. पण ते आधी एकत्र आले, वकील नंतर केला.

मग ठरलं: गाडीवाल्यांशी भांडायचं नाही. त्यांनाच बोलवायचं.

८ जानेवारी
बैठक. खोलीत माणसं मावेनात, बाहेर गाड्यांच्या बॉनेटला टेकून उभी. रिक्षावाले मामा, गॅरेजवाला, टेम्पोवाला, दोन आयटीवाले. अँब्युलन्सची गोष्ट आजींनी स्वतः सांगितली. कोणी वाद घातला नाही. टेम्पोवाला म्हणाला, "डावी बाजू मोकळी ठेवू, पण मग आमच्या रात्रीच्या गाड्यांचं काय ते लेखी मागा. कंपन्यांची पार्किंग रात्री रिकामी असते एमआयडीसीत." हे मला सुचलं नव्हतं. गल्लीच्या अर्जात घातलं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ. मुली काळ्या साड्यांत.

१५ जानेवारी
सकाळी साडेसातलाच रांगेत. नऊ वर्षांनी महापालिकेचं मत, याआधीचं फेब्रुवारी २०१७चं. पोलीस भरतीवाली मुलगी माझ्या पुढे, तिचं पहिलंच. मागच्या वेळी ती प्राथमिक शाळेत होती.

१६ जानेवारी
निकाल. फटाके, ढोल. अभ्यासिका बंद ठेवली नाही.

२० जानेवारी
डावी बाजू पाच दिवस मोकळी राहिली, आज दोन गाड्या परत. गॅरेजवाल्याने स्वतः जाऊन काढायला लावल्या.

२३ जानेवारी
खोलीत हळदीकुंकू. वाण म्हणून वह्या. वहिनी आल्या, किती दिवसांनी. अण्णांच्या पावत्या आता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, त्यांना दाखवल्या.

२७ जानेवारी
कचेरीतून फोन. झेरॉक्स आणि पावत्यांवरून जुनी नोंद सापडली. नूतनीकरणाचा प्रस्ताव वर जाईल, त्याआधी जागेची पाहणी. मंजूर होईल असं कोणी म्हटलं नाही. वापर, माप, फोटो, अहवाल. गल्लीचा अर्ज वेगळ्या टेबलावर आहे.

२८ जानेवारी
पाहणी गुरुवारी, उद्याच, संध्याकाळी साडेसहाला. त्याच वेळी दहावीचा गणिताचा सराव पेपर. एका पालकांचं म्हणणं, पेपर पुढे ढकलू, साहेबांसमोर खोली नीटनेटकी दिसेल. नाही. पेपर होणार. पोरं बसलेली असतानाच मोजू दे.