फुल लेझिनेसचा परिच्छेद

हास्केलच्या जीएचसी कंपायलरचे ऑप्टिमायझेशन फ्लॅग आमच्या टीमसाठी समजावून लिहायचं काम मी हातकणंगल्यात घरी बसून करतो. बाकीचे फ्लॅग पटकन हातावेगळे होतात. ओ-टू लावला, की स्पेक-कन्स्ट्रक्टर आणि लिबरेट-केस चालू होतात, कंपाइलला वेळ जास्त लागतो, विषय संपला. घोडं अडतं ते फुल लेझिनेसपाशी. तो तर साध्या ओ-बरोबरच चालू झालेला असतो.

फंक्शनच्या आतलं, पण आर्ग्युमेंटवर अवलंबून नसलेलं गणित तो बाहेर काढून ठेवतो. एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा वापरायचं. पण आत 1 ते 1 कोटी अशी यादी असली तर? एरवी ती पुढून बनत जाते आणि मागून गार्बेज कलेक्टर झाडत येतो. बाहेर काढली, की ते फंक्शन पुन्हा लागणार असेल तोवर अख्खी यादी जिवंत. 64 बिटांच्या मशीनवर यादीच्या एका घराचे 24 बाइट, आतल्या इंटचे 16. झाले 40 कोटी बाइट.

इथवर लिहिता येतं. हा फ्लॅग बंद कधी करायचा, ते लिहिता येत नाही. ते वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमवर ठरतं. सी-वाल्यांचा मला हेवा वाटतो. उदय खेडकरांनी आयआयटी मुंबईत जीसीसीच्या पोटात काय चालतं ते दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. फ्लॅग तिकडेही ढीगभर, पण तिथला ऑप्टिमायझर प्रोग्रॅमरच्या नकळत कोटीची यादी धरून बसत नाही.

हल्ली ओ-टू ठोकला की झालं, असं पोरांना वाटतं. जीएचसीच्या जुन्या युजर्स गाइडात सरळ म्हटलेलं असायचं, की सध्या ओ-टूने ओ-पेक्षा सरस कोड मिळण्याची शक्यता कमीच. एवढं प्रांजळ आता कोण लिहितं?

यंदा हाताखाली इचलकरंजीची एक मुलगी आली. माझा परिच्छेद वाचून म्हणाली, “सर, मग बंद करू का नको?”

“आधी हीप प्रोफाइल काढून बघ.”

“मग तेच पहिल्या ओळीत लिहा की!”

झोंबलं. तो परिच्छेद वाचून जाणकारांनी माझी पाठ थोपटली होती, आणि नवखा त्यात अडखळला की मला आतून बरंच वाटायचं. आता तिची ओळ वर आहे. खालचा माझा मजकूर निम्मा कापायला हवा, हे दिसतंय. पण त्यात लॅम्बडाबद्दलचं एक वाक्य असं काही जमून गेलंय, की त्याला कात्री लावायला हात धजत नाही.