दुसऱ्याचा आरसा

स्विचवर पोर्ट मिररिंग लावणं हे जेमतेम दोन ओळींचं काम आहे. कुठल्या पोर्टवरची ये-जा बघायची ते एका ओळीत, तिची कॉपी कुठे पाठवायची ते दुसऱ्या ओळीत. सिस्कोवाले याला स्पॅन म्हणतात. पण या दोन ओळी टाकताना माझा हात दरवेळी थोडा अडखळतो. का, ते आज लिहूनच टाकते.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पूर्वी ऑफिसात हब असायचे. हब म्हणजे चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारणारा माणूस. हाक एकाला, ऐकू सगळ्यांना! स्विच त्या मानाने शहाणा पोस्टमन. कुठल्या दारामागे कोण राहतं (म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठला मॅक अ‍ॅड्रेस आहे) ते तो लक्षात ठेवतो आणि पाकीट त्याच दारात टाकतो. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग काही बिघडलं तर आम्ही बघायचं कसं? तर पोस्टमनला सांगायचं, बाबा रे, अमुक दाराच्या प्रत्येक पाकिटाची एक झेरॉक्स मला देत जा. झालं मिररिंग.

ही झेरॉक्सही नेहमी पूर्ण नसते बरं का. १ गिगाबिटचा पोर्ट दोन्ही दिशांनी भरून वाहत असेल तर २ गिगाबिट होतात, आणि कॉपी जिथे जाते तो पोर्टही बहुधा १ गिगाबिटचाच. उरलेली पॅकेटं गळतात आणि आपल्याला वाटतं मूळ लाइनच खराब आहे. म्हणून हवा तेवढाच पोर्ट घ्यावा, हवी तेवढीच दिशा.

एका ठिकाणी ऑफिसातले फोन सकाळी अकराच्या सुमारास तुटक ऐकू यायचे. मी एका फोनचा पोर्ट मिरर केला आणि लॅपटॉपवर वायरशार्क लावलं. दोन दिवसांत कारण सापडलं. अकराला सर्व्हरचा बॅकअप सुरू व्हायचा, आणि आवाजाच्या पॅकेटांना रांगेत पुढे सोडणारी खूणच लागलेली नव्हती.

आता गंमत अशी की एन्क्रिप्ट न केलेला कॉल वायरशार्कमध्ये चक्क वाजवून ऐकता येतो. बटण समोरच असतं. मी ते दाबलं नाही. किती पॅकेटं हरवली, किती उशिरा आली, हे आकडे मला पुरेसे होते. कोण कोणाशी काय बोललं याचा बिघाडाशी संबंध नव्हता.

काम झाल्यावर तिथले साहेब म्हणाले, "राहू द्या की चालू. आणि अजून एका मुलाचा पोर्ट जोडा. दिवसभर काय करतो ते बघायचंय."

मी म्हटलं, "सर, कारण आणि किती दिवस ते लिहून मेल कराल का? एचआरला कॉपी ठेवा, लगेच करते."

मेल कधी आला नाही. मी सेशन काढून टाकलं आणि सगळं साफ झाल्याची खात्री करून घेतली.

लोक म्हणतात, आता बहुतेक साइट एन्क्रिप्टेड असतात, काय दिसणार? पासवर्ड दिसत नाही, खरंय. पण कोण किती वाजता कुठे गेलं हे बऱ्यापैकी कळतं. एखादी मुलगी दुपारी तीनदा नोकरीच्या साइटवर गेली, किंवा कोणी सारखं एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलचं पान उघडतंय, एवढं कळणंही पुष्कळ झालं. आणि ज्याचा पोर्ट आहे त्याला काही जाणवत नाही. त्याचं नेट हळू होत नाही, कुठे दिवा लुकलुकत नाही.

एरवी आरशात माणूस स्वतःला बघतो. हा आरसा दुसऱ्याच्या हातात असतो, आणि आत आपण आहोत हे आपल्याला ठाऊकच नसतं. म्हणून मी दोन ओळींच्या शेजारी वहीत तिसरी लिहिते: हा कोणत्या तारखेला काढायचा.