कर्ता नसलेली वाक्यं

‘झडप बंद करावी. दाब तपासावा. दाब शून्य झाल्याची खात्री होईपर्यंत झाकण उघडू नये.’

पुण्यात पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात २२ वर्षं मी अशी वाक्यं लिहिली. ती वाईट नव्हती. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाची बोटं जातील, या धाकानं लिहिलेली होती. पण त्या ‘करावे’मध्ये कुणीच नसतं. झडप असते, दाब असतो, माणूस मात्र गळालेला.

नोकरी सोडून शिरोड्याच्या घरी आलो आणि गोष्ट लिहायला बसलो. विषय अंगणापलीकडचाच, मिठागर. ‘भरतीचे पाणी बांधातील दारातून पहिल्या वाफ्यात घेण्यात येते.’ पुढे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, मग वाफ्यामागून वाफा आटत जाणारं पाणी, आणि पाण्याची घनता २५ बोमे अंशांच्या आसपास गेली की धरू लागणारं मीठ. सगळं बिनचूक. शेजारच्या दाजींना वाचून दाखवलं. त्यांचा जन्म मिठागरावर गेलेला. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून ते म्हणाले, “ह्या सगळा खरा रे, पण हेच्यात माणूस खंय आसा?”

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. समुद्राला निळं रेशीम नेसवलं, सुरूच्या बनाला उसासे टाकायला लावले. गावाचाही दोष असेल थोडा. १९२० साली वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ त्याच वर्षांतल्या. त्यांचं नाव ऐकत वाढलेल्या मुलाला लेखन म्हणजे अलंकार असंच वाटणार. त्यांना ते पेलायचे. माझ्या अंगावर ते भाड्यानं आणलेल्या शेरवानीसारखे दिसत. मला आधार वाटला तो शेजारच्या आरवलीच्या जयवंत दळवींचा. मुंबईत ‘युसिस’ या अमेरिकी माहिती कचेरीत वर्षानुवर्षं नोकरी केली या माणसानं, पण ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये कचेरीचा एक कागद उडत आलेला नाही. नुसती माणसं, त्यांच्या खोडींसकट.

वैशाखात दाजींबरोबर मिठागरावर जाऊ लागलो. पाणी कितपत आलंय हे पाहायला दाजी बोट बुडवतात आणि जिभेला लावतात. उन्हात पांढरे वाफे असे तळपतात की डोळे मिटून चालावंसं वाटतं. टाचेच्या भेगेत मीठ गेलं की माणूस ओरडत नाही, फक्त पाऊल जरा वाकडं टाकतो. आणि आभाळात मळभ आलं की सगळे हातातलं काम तसंच धरून वर बघतात. मृगाआधीची एक सर आली तरी वाफ्यात धरलेलं मीठ पुन्हा पाणी होतं.

तिथंच शाळेतला धडा आठवला. मे १९३० मध्ये याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. ‘कायदा मोडण्यात आला’ एवढं आम्ही घोकलं होतं. कुणी मोडला? मूठ उघडली तेव्हा तळहाताला काय झालं? गोष्टीला तेवढंच हवं असतं, आणि आमच्या वाक्यानं नेमकं तेच झाडून बाहेर काढलं होतं.

जुनी सवय सगळीच टाकली असं मात्र नाही. न पाहिलेली गोष्ट लिहायला आजही हात धजत नाही, आणि आधी काय, मग काय, हा क्रम चुकला तर रात्री झोप लागत नाही. साहित्यिक मित्र याला कारकुनी म्हणतात. म्हणोत. बोमे अंश मी खोडले, दाजींचं बोट ठेवलं.

परवा नवा खर्डा वाचून दाखवला. दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग स्वतःची टाच पुढे करून म्हणाले, “उजवो नाय, डावो पाय.”

घरी येऊन तेवढी दुरुस्ती केली.